दमसास मोजायचा कसा?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणाआधीचं शेवटचं भाषण माझं आहे आणि मागच्या बाजूनं फोडणीचा वास येतोय. त्यामुळं पाल्हाळ लावत नाही. मी हायस्कुलात पी.टी. शिकवते, म्हणजे मुलांना पळवते. आज बोलायचंय तेही पळण्याबद्दलच. कुणी म्हणेल, बचत गटाच्या सभेत पळण्याचं काय काम? काम आहे. तुमच्या अंतर्गत कर्जाची नोंदवही उघडा. शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, बी-बियाणं या जुन्या कारणांच्या रांगेत आता एक नवं कारण दिसतं: "मुलीची अकॅडमी". पोरगी पोलीस भरतीची तयारी करतेय. तालुक्याला खोली, मेस, अकॅडमीची फी. त्यासाठी आई गटातून पैसे उचलते. मुलीवर पैसा लावला याचा मला आनंदच आहे. पण हा पैसा उचलायच्या आधी एक गोष्ट घरबसल्या, फुकटात कळू शकते. पोरीचा दमसास आज किती आहे, आणि तो वाढतोय की नाही.

दमसास हा शब्द तुम्हाला नवा नाही. गाणाऱ्याचा असतो, भारुड म्हणणाऱ्याचा असतो, तसा पळणाऱ्याचाही असतो. छातीनं हवा आत घ्यायची, रक्तानं त्यातला ऑक्सिजन उचलायचा, हृदयानं ते रक्त मांड्या-पोटऱ्यांपर्यंत ढकलायचं आणि स्नायूंनी तो वापरायचा. ही साखळी जितका जास्त वेळ न तुटता चालते, तितका दमसास मोठा. दोन मिनिटं जोरात पळून थांबणं वेगळं, आणि बारा मिनिटं एका लयीत जाणं वेगळं.

हे मोजण्याची सवय खरं तर आपल्याला कोरोनानं लावली. आठवतंय का, २०२१ च्या लाटेत बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा बघायचा, सहा मिनिटं घरातल्या घरात चालायचं आणि पुन्हा आकडा बघायचा. आकडा घसरला तर दवाखाना गाठायचा. बसल्या जागी जे दिसत नव्हतं ते चालल्यावर दिसायचं. तत्त्व तेच आहे. शरीराला थोडं कामाला लावा, मग ते खरं बोलतं.

आता बारा मिनिटांची गोष्ट. अमेरिकेच्या हवाई दलात केनेथ कूपर नावाचे डॉक्टर होते. हजारो जवानांचा दमसास तपासायचा, तर प्रत्येकाला यंत्रावर पळवून तोंडाला नळी लावून ऑक्सिजन मोजणं परवडणारं नव्हतं. त्यांनी सोपा मार्ग काढला. जवानाला १२ मिनिटं पळू द्यायचं आणि तो किती अंतर गेला तेवढं मोजायचं. ११५ जवानांची तुलना करून त्यांनी १९६८ साली दाखवून दिलं की यंत्रावरचा आकडा आणि मैदानावरचं अंतर यांचा मेळ चांगला बसतो. त्यांचा हिशोब जरा सोपा करून सांगते. मीटरमध्ये जे अंतर येईल त्यातून ५०५ वजा करा आणि उरलेल्याला ४५ ने भागा.

समजा, २०० मीटरच्या मैदानाला मुलीनं १२ मिनिटांत ९ फेऱ्या मारल्या आणि वर ६० मीटर गेली. झाले १८६० मीटर. ५०५ वजा केले, राहिले १३५५. ४५ ने भागलं, आले ३०. म्हणजे तिचं शरीर पुरा जोर लावल्यावर वजनाच्या दर किलोमागं मिनिटाला ३० मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं. मुलगी ५० किलोची असेल तर मिनिटाला दीड लिटर. खेळाच्या पुस्तकात यालाच व्हीओटू मॅक्स म्हणतात. हा हिशोब तरण्याबांड जवानांवर बेतलेला आहे, त्यामुळं आपल्या पोरीचा आकडा दोन-तीनानं इकडं-तिकडं होणार. म्हणून माझं मत असं की शेजारणीच्या मुलीच्या आकड्याशी तुलना करूच नका. तिचा आजचा आकडा आणि तिचाच महिन्यानंतरचा आकडा, एवढंच बघा.

पोलीस भरतीत मात्र तुलना होते, आणि ती सेकंदावर होते. शिपाई पदाच्या भरतीत आधी मैदानी चाचणी असते, ५० गुणांची. मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. पन्नासात निदान २५ मिळाले तरच पुढचा विचार, आणि तरीही लेखी परीक्षेला एका जागेमागं दहाच जण बोलावतात. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत किंवा त्याच्या आत आली तर पैकीच्या पैकी २० गुण. त्यापुढं उशीर होईल तसतसे गुण उतरत जातात. हल्ली बऱ्याच ठिकाणी चिप लावून वेळ घेतात, तिथं गयावया चालत नाही. (नियम बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी ताजी जाहिरात मुलीकडून वाचून घ्या. वनरक्षकाच्या भरतीत मुलींना ३ किलोमीटर असतं, ते गणितच वेगळं.)

हे ८०० मीटर म्हणजे २०० च्या मैदानाला चार फेऱ्या. बहुतेक मुलींचं गणित कुठं चुकतं सांगू? पहिल्या फेरीत. शिट्टी वाजली की जीव खाऊन सुटतात, तिसऱ्या फेरीला पोटात कळ येते, चौथी फेरी ओढत नेतात. ३ मिनिटं २० सेकंदांत यायचं असेल तर प्रत्येक फेरी ५० सेकंदांची हवी. पहिली ४० ची नको आणि शेवटची ६५ ची नको. २ मिनिटं ५० सेकंद हवी असतील तर फेरी ४२-४३ सेकंदांची. आईनं मोबाइल घेऊन फेरीच्या जागी उभं राहायचं आणि प्रत्येक फेरीला आकडा मोठ्यानं ओरडून सांगायचा. एवढ्यानंच पोरगी ताळ्यावर येते. याला अकॅडमी लागत नाही.

"पण बाई, मुलीच्या जातीला एवढं पळवणं बरं का? पिशवी सरकते म्हणतात." हा प्रश्न मला दर वर्षी येतो, म्हणून याच ८०० मीटरची एक जुनी गोष्ट सांगते. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. जर्मनीची लीना राडके जिंकली, २ मिनिटं १६.८ सेकंदांत. शर्यत संपल्यावर दमून काही जणी मैदानावर आडव्या झाल्या. पुरुष पळाले तरी असंच होतं. पण वर्तमानपत्रांनी रान उठवलं की बायकांना हे झेपत नाही, धडाधड कोसळल्या. प्रत्यक्षात अंतिम शर्यतीत उतरलेल्या नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली होती. तरीसुद्धा ही शर्यत बायकांसाठी बंद झाली ती थेट १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत. बत्तीस वर्षं! घड्याळात काय आकडा पडला होता तो कुणी बघितला नाही, आडव्या पडलेल्या बायका तेवढ्या बघितल्या. पिशवीचं म्हणाल तर पळण्यानं गर्भाशय सरकत नाही. आणि पाळीत पळायचं की नाही ते मुलीच्या अंगावर सोडा. पोटात फार दुखत असेल तर विश्रांती, नसेल तर पळू दे.

आपल्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर ललिता बाबर. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची, शेतकऱ्याची मुलगी. माण म्हणजे आपल्या पाथर्डी-कर्जतसारखाच पाण्याला तरसलेला मुलूख. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ती अंतिम फेरीत पोचली आणि जगात दहावी आली. आणि आपल्याला अगदी लागून असलेल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे त्याच प्रकारात आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक घेऊन आला. दुष्काळी भागातल्या छातीत दम नसतो असं नाही. तो मोजला जात नाही.

आता जरा गंभीर बोलते, इकडं लक्ष द्या.

एखादी मुलगी दोन महिने नेमानं पळते तरी तिचा आकडा जागचा हलत नाही. फेरी ६० सेकंदांची, ती ६० चीच राहते. धाप लागते, डोळ्यापुढं अंधारी येते, पोटऱ्या भरून येतात. मग घरात सुरू होतं: आळशी आहे, मन नाही, मोबाइलच बघते. बाप म्हणतो, एक भरती बघू, नाहीतर स्थळ बघू. अशा वेळी माझं पहिलं सांगणं असतं, आधी तिचं हिमोग्लोबिन तपासा. मघाशी साखळी सांगितली ना, त्यात ऑक्सिजन उचलण्याचं काम रक्तातलं हिमोग्लोबिन करतं. ट्रॉलीच लहान असेल तर ट्रॅक्टर कितीही जोरात पळवा, माल कमीच पोचणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमागं ५४ जणींचं रक्त कमी निघालं. म्हणजे या मांडवात बसलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. ८ च्या खाली असेल तर पळणं बंद आणि तडक डॉक्टर, तिथं पालकाची भाजी आणि गूळ-शेंगदाणे पुरत नाहीत.

तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, आशाताईला विचारा. लोहाच्या गोळ्या तिथंच मिळतात. किती आणि किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टर सांगतील. गोळी चहासोबत घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू-पाण्याबरोबर चालते. शौचाला काळसर होते, त्यानं घाबरून गोळ्या बंद करू नका. रक्त भरून यायला आठवडे जातात, आणि ते भरून येतंय की नाही हे तुम्हाला फेरीच्या सेकंदांवरूनही दिसायला लागतं. आता हेही सांगते, वेळ न सुधारण्याचं कारण दर वेळी रक्तच असतं असं नाही. दमा असू शकतो, थायरॉइड असू शकतं, पोटभर खाणं नसू शकतं. पण घड्याळानं इशारा दिला की शिव्या देण्याआधी तपासणी करायची, एवढं ठरवून टाका.

२०२४ च्या पोलीस भरतीत धावताना एका तरुणाचा जीव गेला, ती बातमी तुम्ही ऐकली असेल. अशी बातमी आली की आया घाबरतात, साहजिक आहे. भरतीला पोरं रात्रभर एसटीनं जातात, मैदानाबाहेर उघड्यावर झोपतात, काही तर उपाशीपोटी पळतात आणि त्या दिवशी जन्मात कधी पळाली नाहीत एवढ्या जोरानं पळतात. ज्या मुलीनं घरच्या मैदानावर दर महिन्याला घड्याळ लावून पळून बघितलंय, तिला आपली हद्द माहीत असते. ती आदल्या दिवशी पोचते, काहीतरी खाऊन जाते, आणि छातीत दुखायला लागलं, चक्कर आली तर थांबते. गुण गेले तर पुढच्या भरतीत मिळतील.

मैदान कसं आखायचं ते विचारता ना. गवंड्याकडं ३० मीटरचा टेप असतो, तो मागून आणा. ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद असा चौकोन आखला की एक फेरी बरोबर २०० मीटरची होते. चार कोपऱ्यांना काठ्या रोवून चिंध्या बांधा, फक्कीनं रेघ ओढा. झेडपीच्या शाळेचं मैदान एवढं नसेल तर पीक निघालेलं रान चालतं, फक्त ढेकळं आणि खड्डे बघून घ्या, घोटा मुरगळतो. मोबाइलमधल्या पावलं मोजणाऱ्या अॅपवर अंतर सोडू नका, दमल्यावर पाऊल आखूड पडतं. डांबरी रस्त्याच्या कडेला दर २०० मीटरला दगड असतात, त्यावरही अंतर कळतं, पण कारखाने सुरू असताना पहाटे उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून चाललेले असतात, त्यांना मागचं-पुढचं काही दिसत नाही. रस्त्यावर पळवू नका.

मोजायचं महिन्यातून एकदाच, रोज नाही. रोज मोजून पोरगी कंटाळते आणि अंग दुखावतं. तेच मैदान, तीच वेळ, पहाटेची, ऊन चढायच्या आत. तासभर आधी एखादं केळं किंवा थोडे पोहे. आधी दहा मिनिटं रमतगमत पळून अंग गरम करायचं, आणि पळणं संपल्यावर एकदम बसायचं नाही, चालत राहायचं. फेऱ्या मोजायला एक जण हवी. प्रत्येक फेरीला डब्यात एक खडा टाकायचा, म्हणजे भांडण होत नाही. वहीत तारीख, १२ मिनिटांचं अंतर, ८०० मीटरची वेळ, आणि शेरा: "ताप होता", "पाळी", "रात्री जागरण". दोन्ही चाचण्या एकाच दिवशी घेऊ नका, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. वही आईकडं राहू दे. चार महिन्यांत वेळ ४ मिनिटांवरून साडेतीनवर आली असेल तर ती वही बापापुढं ठेवा. एक वर्ष अजून द्या म्हणायला यापेक्षा चांगला कागद दुसरा नाही. आणि गटात कर्जाचा अर्ज आला तर तीच वही गटापुढंही ठेवायला हरकत नाही. शेळीच्या कर्जाला शेळी बघता, तसंच हे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ज्या घरांना दसऱ्यानंतर कोयता घेऊन जावं लागतं, त्यांच्या मुलींचे ऐन सरावाचे महिने जातात, हे मला माहीत आहे. त्याला माझ्याकडं सरळ उत्तर नाही. जी मुलगी आजी-आजोबांकडं गावात राहते, तिचं घड्याळ गटातल्या दुसऱ्या ताईनं धरावं, एवढं तरी होऊ शकतं. 

आता तुम्ही म्हणाल, पोरींचं झालं, आमचं काय? आम्ही तर दिवसभर राबतो, आम्हाला कसली चाचणी. खरंय, राबता. पण दिवसभर खुरपताना कंबर आणि गुडघे दमतात, छातीला फार काम पडत नाही. दमसास आहे की नाही ते मोजल्याशिवाय तुम्हालाही सांगता येणार नाही. चाळिशीच्या पुढच्या आणि कधीच न पळालेल्या ताईंनी एकदम पळायचं नाही. तुमच्यासाठी सहा मिनिटांचं चालणं. दवाखान्यात हृदयाच्या, फुप्फुसाच्या रुग्णांची ताकद बघायला हेच वापरतात. ३० मीटरचा सरळ पट्टा आखायचा, त्यावर सहा मिनिटं जमेल तेवढ्या झपाझप येरझाऱ्या घालायच्या. पळायचं नाही, दम लागला तर थांबायचं, पुन्हा निघायचं. किती मीटर झाले ते लिहायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा. मधल्या दिवसांत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला, एवढं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. तिथं अक्षरओळख नसलेल्या कितीतरी बाया बाळांची वजनं करून कुपोषण ओळखायला शिकल्या. तुमच्याकडं तर प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये घड्याळ आहे आणि दर महिन्याचा हिशोब लिहिणारी लिपिका आहे.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर पहिलं मोजमाप घेऊ. गरोदर बायका, नुकतीच बाळंतीण झालेल्या, छातीत दुखणाऱ्या, बीपी आटोक्यात नसलेल्या, ताप असलेल्या, यांनी पळायचं-चालायचं नाही, पण खडे टाकायला जरूर यायचं. मुलींनी पंजाबी ड्रेसची ओढणी घरी ठेवून यावं, बूट असतील तर बूट, नवे कोरे मात्र नकोत, फोड येतात. टेप आणि फक्की मी आणते. शिट्टी माझी शाळेत राहिलीय, कुणाच्या घरी असेल तर घेऊन या.